पट कमी केला तर मुले जास्त शिकतील का?

'वर्गात साठ मुले कोंबल्यावर कोण काय शिकणार?' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत कधीच ऐकले नाही असा शिक्षक सापडणे कठीण. आता याच वाक्याच्या उलट बाजूला उभा असलेला एखादा हिशेबी अधिकारी डोळ्यांपुढे आणा. तो जिल्ह्यातील शाळांचे निकाल समोर ठेवतो आणि विचारतो, 'तालुक्याच्या गावच्या मोठ्या शाळेत एका तुकडीत पन्नास-पन्नास मुले आहेत आणि तिचाच निकाल सर्वांत वरचा आहे. वाडीवरच्या शाळेत वर्गात अठरा मुले, आणि तिचा निकाल तळाला. मग पट कमी करण्यासाठी शिक्षक नेमून पैसा का घालवायचा?'

शिक्षकाचे म्हणणे अनुभवाचे आहे, अधिकाऱ्याचे आकड्यांचे. आकडे खोटे नाहीत आणि अनुभवही खोटा नाही. अशा वेळी कोणाचे खरे मानायचे हे ठरवण्याची शास्त्रशुद्ध रीत आहे का? आहे, आणि तिचा एक स्वतंत्र विषय झाला आहे. त्याचे नाव उपयोजित सूक्ष्म अर्थमिती. नाव बोजड असले तरी फोड सोपी आहे. भूमितीत आणि त्रिकोणमितीत जी 'मिती' तीच इथे, म्हणजे मोजमाप. 'सूक्ष्म' अशासाठी की मोजमाप देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे नसून एकेका माणसाचे, कुटुंबाचे, दुकानाचे किंवा शाळेचे असते. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात हा विषय शिकवला जातो. सूत्रांची भीती बाळगून त्या वर्गात बसणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांतच कळते की इथली खरी अडचण सूत्रांत नाही. 'यामुळे ते घडले' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो, हा एकच प्रश्न सगळे वर्ष पुन्हा पुन्हा समोर येतो. आम्ही मूळचे विज्ञान शाखेचे. प्रयोगशाळेत एक घटक बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे ही आमची सवय. माणसांच्या बाबतीत बाकीचे काहीच स्थिर राहत नाही, आणि तरीही उत्तर हवे असते, ही गोष्ट पचायला आम्हाला वेळ लागला.

चार शाळांचे गणित

अधिकाऱ्याचा आकडा कसा फसवतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडूनही करून घेता येईल. समजा चार शाळा आहेत. दोन खेड्यातल्या: एकीत वर्गात २० मुले व सरासरी गुण ५२, दुसरीत ३० मुले व गुण ४८. दोन शहरातल्या: एकीत ४० मुले व गुण ६४, दुसरीत ५० मुले व गुण ६०. हे चार बिंदू आलेखकागदावर मांडा आणि त्यांच्यामधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढा. या रेषा काढण्यालाच पाठ्यपुस्तकात समाश्रयण म्हणतात. वर्गात मात्र सगळे 'रिग्रेशन'च म्हणतात. रेषेचा चढ ०.४ येतो. म्हणजे वर्गात दहा मुले वाढली की गुण चारने वाढतात! अधिकारी खूश.

आता नुसत्या खेड्यातल्या दोन शाळा पाहा. दहा मुले वाढली तर गुण चारने घटतात. शहरातल्या दोन पाहा. तिथेही तेच. दोन्ही गटांत रेषा उतरती आहे आणि गट एकत्र केले की ती चढती होते. कारण उघड आहे. शहरात वर्ग मोठे असतात आणि शहरातल्या मुलांच्या घरी पुस्तके, शिकलेले आईबाप, शिकवणी हेही असते. पटाचा आणि घरच्या परिस्थितीचा परिणाम एकमेकांत मिसळला आणि आपण तो सगळा पटाच्या खात्यावर मांडला.

यावर विद्यार्थी लगेच उपाय सुचवतात: खेडे-शहर वेगळे करा, पालकांचे उत्पन्न विचारा, आईचे शिक्षण विचारा, हे सगळे समीकरणात घाला. हे करायचेच असते. पण काही गोष्टी कोणत्याच रकान्यात नसतात. मुख्याध्यापक मुद्दाम कच्च्या मुलांची लहान तुकडी करतात. ज्यांना वर्ग आवरता येतो अशा शिक्षकांना मोठी तुकडी मिळते (हे वाचून काही वाचक कडवट हसतील). जागरूक पालक मुलाला आधी कोणत्या शाळेत घालायचे तेच ठरवतात. यातले काहीही हजेरीपटावर लिहिलेले नसते. कितीही रकाने वाढवले तरी न दिसणारे काही उरतेच. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लीमर यांनी १९८३ मध्ये एका गाजलेल्या लेखात आपल्याच व्यवसायबंधूंना सुनावले होते की समीकरणात काय घालायचे व काय गाळायचे हे संशोधक आपल्या सोयीने ठरवतात, त्यामुळे दुसऱ्याच्या निष्कर्षावर कोणी विश्वास ठेवत नाही. लेखाच्या शीर्षकातच, अर्थमितीतली लबाडी काढून टाकू या, अशा अर्थाचा श्लेष होता. पुढच्या पिढीने तो टोमणा मनावर घेतला.

चिठ्ठ्या टाकून

सर्वांत स्वच्छ मार्ग प्रयोगाचा. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९८५ मध्ये तो करून पाहिला. बालवर्गातील मुलांना शाळेतल्या शाळेत, जणू चिठ्ठ्या टाकून, तीन प्रकारच्या वर्गांत वाटले: १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि शिक्षकाला मदतनीस दिलेला नेहमीचा वर्ग. शिक्षकांचे वाटपही असेच केले. पहिल्या वर्षी ७९ शाळा व सहा हजारांहून अधिक मुले होती. तिसरीपर्यंतच्या चार वर्षांत एकूण सुमारे ११,६०० मुले या प्रयोगातून गेली.

चिठ्ठीला मुलाच्या घरची श्रीमंती माहीत नसते. म्हणून दोन्हीकडे हुशार, कच्ची, गरीब, श्रीमंत मुले सारख्याच प्रमाणात येतात, आणि आपण न मोजलेल्या गोष्टीही सारख्या वाटल्या जातात. चिठ्ठीची ताकद इथे आहे. कितीही रकाने भरून हे साधत नाही. अॅलन क्रूगर यांनी १९९९ मध्ये या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. लहान वर्गात पहिल्या वर्षी मुले शतमान क्रमात सुमारे चार पायऱ्या वर सरकली. गरीब व कृष्णवर्णीय मुलांना जास्त फायदा झाला. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही.

प्रयोगालाही माणसांचे वारे लागतेच. काही मुले मध्येच एका प्रकारच्या वर्गातून दुसऱ्यात गेली. अशा वेळी विद्यार्थ्यांना एक शिस्त शिकवली जाते: मूल शेवटी कुठे बसले यावरून गट करू नका, पहिली चिठ्ठी कोणती निघाली यावरून करा. नाहीतर धडपडे पालक मागच्या दाराने परत हिशेबात शिरतात.

करवतीचे दाते

पण दरवेळी चिठ्ठ्या टाकायला कोण देणार? शिक्षणखात्याची परवानगी, पैसा, पालकांची संमती, चार वर्षांचा धीर, हे सगळे जुळून येणे दुर्मीळ. मग संशोधक उलट शोधू लागले. चिठ्ठी आपण टाकली नसली तरी एखाद्या नियमाने, सरहद्दीने किंवा तारखेने नकळत टाकलेली आहे का?

अशी एक चिठ्ठी इस्राएलमध्ये सापडली. बाराव्या शतकातील ज्यू विद्वान व वैद्य मायमोनिडीस यांनी धर्मग्रंथाच्या आधारे नियम सांगितला होता की पंचवीस मुलांना एक शिक्षक पुरे, त्याहून जास्त असतील तर चाळीसपर्यंत एक मदतनीस द्यावा, आणि चाळिसाच्या वर दोन शिक्षक नेमावेत. यातील चाळीसची मर्यादा इस्राएलच्या सरकारी शाळांत १९६९ पासून तुकड्या पाडण्यासाठी वापरली जाऊ लागली. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लावी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या नियमाचा उपयोग केला.

इयत्तेत ४० मुले असतील तर एकच तुकडी, ४० मुलांची. ४१ वे मूल आले की दोन तुकड्या, सरासरी साडेवीस. मग मुले वाढत जातात तशी तुकडी पुन्हा फुगते आणि ८० ला परत ४० होते. ८१ झाली की तीन तुकड्या, प्रत्येकी २७. इयत्तेतील मुलांची संख्या आडव्या अक्षावर आणि तुकडीचा आकार उभ्या अक्षावर घेतला तर करवतीच्या दात्यांसारखा आलेख मिळतो. हा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावाच.

आता युक्ती पाहा. ज्या गावात यंदा पाचवीला ३९ मुले आहेत आणि ज्या गावात ४२ आहेत त्या गावांत मुळात काय फरक असणार? कोणाकडे एखादे जुळे जन्मले, कोणाची बदली झाली. श्रीमंती-गरिबीत फरक असण्याचे कारण नाही. तरी एका ठिकाणी मुले खच्चून भरलेल्या तुकडीत बसतात आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्या तुकडीत. मर्यादेच्या अलीकडच्या व पलीकडच्या शाळांच्या गुणांत जो फरक दिसेल तो पटाच्या खात्यावर मांडायला हरकत नाही.

प्रत्यक्षात शाळा नियम इतका काटेकोर पाळत नाहीत. कोणी ३८ लाच तुकडी फोडतो, कोणी ४३ झाली तरी फोडत नाही. म्हणून शेवटी एक भागाकार करावा लागतो. काल्पनिक आकडे घेऊ. मर्यादेअलीकडे तुकडी सरासरी ३६ ची आणि पलीकडे २४ ची निघाली, म्हणजे फरक १२. गुणांतला फरक ३. तर एक मूल कमी झाल्याचा परिणाम ३ भागिले १२, म्हणजे पाव गुण. इथे नियमाचा उपयोग आपण एखाद्या साधनासारखा केला. त्याने पटाला ढकलले आणि त्या ढकलण्यामुळे गुण किती हलले तेवढेच मोजले. या रीतीला 'साधनचल' असे नाव आहे. अशा साधनाने नक्की काय मोजले जाते हे ग्विडो इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांनी १९९४ मध्ये स्पष्ट केले: ज्या शाळा नियमामुळे हलल्या, फक्त त्यांच्यावरचा परिणाम. जी शाळा नियम असो वा नसो तशीच वागली असती तिच्याविषयी हे उत्तर गप्प आहे. २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्धे डेव्हिड कार्ड यांना आणि उरलेले अर्धे अँग्रिस्ट व इम्बेन्स यांना मिळाले.

१९९१ च्या परीक्षांचे सुमारे हजार शाळांतील प्रत्येक इयत्तेचे सुमारे दोन हजार वर्ग त्यांनी तपासले. नुसता सहसंबंध पाहिला तर इस्राएलमध्येही मोठ्या वर्गांचे गुण जास्त होते, अगदी आपल्या अधिकाऱ्याच्या आकड्यांसारखे. नियमाचे साधन वापरल्यावर चित्र उलटले. पाचवीत लहान वर्गांचा फायदा ठळक दिसला, चौथीत थोडा कमी. तिसरीच्या १९९२ च्या माहितीत तो दिसला नाही.

इथे शिक्षक वाचकांच्या मनात एक शंका यायला हवी. तुकडी फुटली की दुसरा शिक्षक येतो. तो नवखा असेल तर? मग गुणांतला फरक पटाचा की शिक्षकाचा? शंका रास्त आहे. साधनाचा परिणाम फक्त पटामार्फतच गुणांवर व्हायला हवा ही अट आहे, आणि ती कोणत्याही सूत्राने सिद्ध करता येत नाही. तिच्यावर वाद घालावा लागतो आणि त्या वादात शाळा आतून पाहिलेल्या माणसाचे पारडे जड असते. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये खालच्या इयत्तांचे वर्ग राज्यभर वीस मुलांपर्यंत आणण्याची योजना झाली, तेव्हा एकदम हजारो शिक्षक लागले आणि अनेक शाळांना अननुभवी, अप्रशिक्षित माणसे घ्यावी लागली. लहान वर्गाचा जो फायदा झाला त्यातला काही भाग अशा नेमणुकांनी खाऊन टाकला, असे नंतरच्या अभ्यासात दिसले.

चाळीस मुले म्हणजे चाळीस पुरावे नव्हेत

विज्ञानातून येणाऱ्यांना आणखी एका गोष्टीची सवय करावी लागते. एका वर्गातल्या चाळीस मुलांचे गुण ही चाळीस स्वतंत्र निरीक्षणे नाहीत. वर्गाच्या बाई महिनाभर आजारी पडल्या तर चाळीसही जणांची गुणाकार-भागाकाराची बोंब होते. हजार मुले तपासली असे आपण म्हणतो, पण ती पंचवीस वर्गांतली असतील तर पुराव्याचे वजन पंचवीसच्या जवळ जाते. हे विसरले की अचूकता भलतीच जास्त दिसू लागते आणि निव्वळ योगायोगाला आपण शोध समजतो. परीक्षकाच्या हातून सर्वांत जास्त निबंध इथे परत येतात.

वीस वर्षांनी

आता या कथेतला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग. २०१९ मध्ये अँग्रिस्ट व लावी यांनी आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर इस्राएलची २००२ ते २०११ ची, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी माहिती घेऊन तोच नियम पुन्हा तपासला. लहान वर्गांचा फायदा दिसला नाही. 'माहिती अपुरी म्हणून दिसला नाही' असेही नव्हे. उत्तर शून्याच्या आसपासच आहे हे बऱ्याच अचूकतेने सांगता येत होते.

शिवाय एक चोरी सापडली. प्रत्येक पटसंख्येच्या किती शाळा आहेत हे मोजले तर मर्यादेच्या जरा अलीकडे शाळा कमी आणि जरा पलीकडे जास्त असे दिसले. निसर्गतः असे व्हायला नको. मुले काही नियम वाचून जन्माला येत नाहीत. म्हणजे कोणीतरी ४० चे ४१ करत होते. तुकडी वाढली की शाळेला पैसा जास्त मिळतो, हे कारण पुरेसे होते. आमच्या महाराष्ट्रातील वाचकांना हे समजावून सांगायला नको. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची मुले आणि बाकावरची मुले यांतला फरक सगळ्यांनी पाहिला आहे.

पट फुगवणारा मुख्याध्यापक बहुधा जास्त खटपट्या असतो आणि अशा शाळा इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. मग चिठ्ठी निःपक्षपाती राहिली कुठे? संशोधकांनी यावर छान तोड काढली. शाळेने सांगितलेला पट बाजूला ठेवून मुलांच्या जन्मतारखांवरून त्या इयत्तेत किती मुले असायला हवीत ते काढले. जन्मतारीख काही मुख्याध्यापकाच्या हातात नसते. या नव्या पटावर नियम लावला तरी उत्तर शून्यच आले. मग जुन्या अभ्यासात फायदा का दिसला आणि तो पुढे गेला कुठे? लेखकांनी काही शक्यता मांडल्या, ठाम उत्तर दिलेले नाही. ज्या निबंधाने आपले नाव झाले तोच पुन्हा तपासून उलटे उत्तर छापणे, हे पदव्युत्तर वर्गात कोणत्याही प्रमेयापेक्षा आधी शिकवावे असे आम्हाला वाटते. आज या विषयातील अनेक नियतकालिके निबंधाबरोबर मूळ माहितीही खुली करायला लावतात, आणि प्रसिद्ध निबंधाचे आकडे स्वतः पुन्हा काढून दाखवणे हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा गृहपाठ असतो.

मुंबईच्या शाळांत

या सगळ्याला आपल्याकडचाही एक पुरावा जोडायला हवा. 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील पालिकेच्या शाळांत 'बालसखी' उपक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली एखादी तरुणी वाचन-गणितात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गातून बाजूला घेई आणि रोज सुमारे दोन तास पायापासून शिकवी. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांनी याची तपासणी केली. कोणत्या शाळेतल्या कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठीने ठरले, त्यामुळे एका शाळेची इयत्ता दुसऱ्या शाळेच्या त्याच इयत्तेशी ताडून पाहता आली. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा. २०१९ च्या नोबेल पारितोषिकात दुफ्लो व मायकेल क्रेमर यांच्याबरोबर त्यांचा वाटा आहे.)

दुसऱ्या वर्षाअखेर अशा इयत्तांचे सरासरी गुण प्रमाण विचलनाच्या ०.२८ पटीने वाढले, आणि वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने फायदा ओसरून सुमारे ०.१० वर आला. पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पंधरा-वीस मुले बाहेर गेल्यावर वर्गात मागे राहिलेल्या मुलांचा पट रोज दोन तास कमी झाला होता. त्या मुलांच्या गुणांत वाढ आढळली नाही. म्हणजे तोच धडा, त्याच फळ्यावर, त्याच गतीने शिकवला तर नुसती बाके मोकळी होऊन फारसे काही घडत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. आम्ही तो तसा लावतो, पण घाईने 'पट महत्त्वाचा नाही' असे म्हणणार नाही. इस्राएलमध्ये प्रश्न चाळीसचे वीस करण्याचा होता. टेनेसीत तेविसाचे पंधरा झाले. सत्तरचे पस्तीस केल्यावर काय होते हे यांपैकी कोणत्याच आकड्यात नाही. शिवाय परीक्षेचे गुण सोडून बाकी काही, म्हणजे शिक्षकाला मुलाचे नाव आठवते की नाही, हे या अभ्यासांत मोजलेले नाही.

आपल्याकडेही करवतीचे दाते आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे ६० मुलांच्या शाळेत शिक्षकामागे ३० मुले आणि ६१ च्या शाळेत वीसच्या जराशी वर. फरक एवढाच की हा पट एका इयत्तेचा नसून पाचही इयत्तांचा मिळून आहे. त्यामुळे तिसरा शिक्षक आला की बाकांची गर्दी कमी होते त्यापेक्षा जास्त करून एका खोलीत एकाच वेळी तीन इयत्ता शिकवण्याचे ओझे कमी होते. इस्राएलचे उत्तर इथे लागू पडेलच असे नाही, याचे हे एक कारण.

वरिष्ठ विद्यार्थ्यांना करून पाहण्यासारखे एक काम आहे. तालुक्यातील प्राथमिक शाळांचे गेल्या काही वर्षांचे पट गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मिळवा. शाळांची नावे लागत नाहीत, नुसत्या संख्या पुरतात. ४५ पासून ७५ पर्यंत प्रत्येक पटसंख्येला किती शाळा बसतात ते मोजून स्तंभालेख काढा. एका तालुक्याच्या शाळा थोड्या पडतील, म्हणून चार-पाच तालुक्यांचे आकडे एकत्र करावेत. ५८, ५९, ६० वरचे स्तंभ बुटके आणि ६१, ६२ वरचे उंच दिसले, तर पुढे गुणांचा हिशेब करण्यापूर्वी त्या मुलांच्या जन्मतारखा मागाव्या लागतील.